चोराला ‘ते’ म्हणणारा माणूस

आमच्या भूम तालुक्यात चोराला ‘ते’ म्हणणारा एकच माणूस होता. ‘होते’ न लिहिता ‘होता’ असंच लिहिलंय, चुकून नाही. दुसऱ्या कुणाबद्दल मी असं लिहिलं असतं तर ह्या माणसानं कागद माझ्याकडं परत सरकवला असता. स्वतःच्या बाबतीत मात्र त्यांचा नियम उलटा होता. तो कसा, ते पुढं येईल.

नामदेव ओव्हाळ. तहसील कचेरीच्या फाटकाबाहेर लिंबाच्या झाडाखाली टेबल टाकून बसणारे अर्जनवीस. लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, तक्रारी टाइप करून द्यायचे. सगळा तालुका त्यांना अण्णा म्हणायचा. टाइपरायटर जाऊन लॅपटॉप आला तरी टेबल तेच राहिलं, त्याच्या एका पायाखालचा दुमडलेला पुठ्ठाही तोच राहिला. दुपारच्या रिकाम्या वेळात अण्णांनी एक ब्लॉग काढला, ‘बाणगंगेकाठी’. नळाला पाणी कधी येणार, कुठल्या गावची एसटी बंद झाली, ग्रामसभेत कोण काय बोललं, अशा बातम्या. ‘ब्रेकिंग’ नाही, लाल अक्षरं नाहीत. प्रत्येक बातमीखालची शेवटची ओळ मात्र ठरलेली: ‘ही बातमी अमुक यांना वाचून दाखवली.’

ती ओळ अर्जनविशीतूनच आलेली. जबाब लिहून झाला की खाली असतं ना, ‘वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे’, आणि मग सही नाहीतर अंगठा. बहुतेक ठिकाणी ती ओळ छापीलच असते, वाचून कुणी दाखवत नाही. अण्णा खरंच वाचून दाखवायचे. अर्ज असो का बातमी, ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याच्या कानावर घातल्याशिवाय कागद पुढं सरकायचा नाही. फोनवर, नाहीतर घरी जाऊन. पोलिसांनी ताब्यात घेतलेल्या माणसाला बातमी वाचून दाखवायला ठाण्यात गेलेला बातमीदार मी तरी दुसरा पाहिला नाही.

माझी त्यांची गाठ पडली तीही ह्यामुळंच. बी.ए. झाल्यावर माझं शिक्षण दोन वर्षं सुटलं होतं, नोकरीच्या अर्जाला त्या गॅपचं प्रतिज्ञापत्र पाहिजे होतं. अण्णांनी टाइप केलं, कागद काढला आणि खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. शेजारी चार माणसं उभी. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची, अजून जाते. मला तो वाचून दाखवण्याचा प्रकार झोंबला.

“मला वाचता येतं,” मी म्हटलं. “बी.ए. झालेय मी.”

“ते दिसतंयच की,” अण्णा चष्म्यावरून बघत म्हणाले. “तुम्हाला ऐकता येतंय का, ते बघतोय.”

आणि पुढं वाचत राहिले. ‘राहणार वाकवड’ आलं तेव्हा मी म्हटलं, “वाकवड नाही हो, वालवड.” एका अक्षरानं मी दुसऱ्याच गावची झाले होते. अण्णांनी टेबलावर थाप मारली.

“बघा! ऐकलं म्हणून सापडलं. नुसतं वाचलं असतं तर डोळ्यांनी आपोआप दुरुस्त करून सही ठोकली असती तुम्ही.”

नोकरी काही त्या प्रतिज्ञापत्रानं मिळाली नाही. महिन्याभरानं मी अण्णांच्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून बातम्या लिहायला लागले. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. “काय बी.ए., वाचून दाखवलं का?” ही त्यांची हाक. सुरुवातीला मला वाटायचं चिडवतात. नंतर कळलं, कचेरीत येणाऱ्या प्रत्येकाला ते मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणायचे. वालवडच्या खुरपणीवाल्या बाईची लेक बी.ए. आहे, हे त्यांनी निम्म्या तालुक्याला सांगून ठेवलं होतं.

‘तुम्ही’ म्हणायचे ते सगळ्यांनाच. टेबलाखाली एक पिवळं कुत्रं झोपायचं, त्यालाही “सरका जरा” म्हणायचे. ‘असे समजते’ हे शब्द ब्लॉगवर बंद. “कुणाला समजतं? त्यांचं नाव-गाव लिहा.” मी एकदा ‘नागरिकांतून तीव्र संताप’ लिहिलं तर म्हणाले, “किती नागरिक? मोजले का?” मी रागारागानं ‘तीन नागरिकांतून संताप’ असं करून दिलं. त्यांनी ते तसंच टाकलं. वर म्हणाले, “आता कसं, खरं वाटतंय.”

पण तालुक्यात त्यांची थट्टा व्हायची ती ‘ते’मुळं. झालं असं की विहिरीवरची पाण्याची मोटर चोरल्याच्या संशयावरून उत्तम नावाच्या एका मजुराला पोलिसांनी धरलं. बबलू शेटे यांचं यूट्यूब चॅनल आहे, त्यांनी तासाभरात उत्तमचा चेहरा दाखवून ‘अट्टल चोरटा गजाआड’ म्हणून व्हिडिओ टाकला. अण्णांनी लिहिलं: ‘मोटर चोरल्याच्या संशयावरून उत्तम यांना ताब्यात घेण्यात आले आहे. मोटर आपल्या मेव्हण्याची असून दुरुस्तीला नेत होतो, असे त्यांचे म्हणणे आहे.’

चहाच्या हॉटेलात हसून हसून लोकांची पुरेवाट. बबलू तर टेबलापाशी येऊनच म्हणाले, “अण्णा, चोराला जावई करून घेतलं की ओ तुमी! यांना, त्यांचे! हार बी घाला की.”

अण्णांनी खणातून पुठ्ठा काढला. त्यावर दोन जुनी कात्रणं शेजारी शेजारी डकवलेली होती. एका बातमीत एक पाकीटमार पोलिसांना चुकवून ‘पळाला’ होता. दुसरीत कुठल्याशा संस्थेचे अध्यक्ष गुन्हा दाखल होताच ‘अज्ञातस्थळी रवाना झाले’ होते.

“बबलूशेठ, दोघंबी पोलिसांस्नी चुकवूनच गेले ना? मग एक पळाला आन् एक रवाना झाले, आसं कामून?”

“आता त्ये अध्यक्ष हैत म्हनल्यावर...”

“म्हणजे पळायला बी हुद्दा लागतो म्हणा.”

पुढं चौकशीत मोटर मेव्हण्याचीच निघाली. अण्णांना बातमीत एक शब्द बदलावा लागला नाही, खाली एक ओळ वाढवली, बस. बबलूंचा ‘अट्टल चोरटा’ अजून यूट्यूबवर आहे. उत्तमचा मुलगा शाळेत जातो, त्याच्या वर्गातल्या पोरांनीही तो पाहिलाय.

ह्याच्या उलटाही प्रसंग झाला. एका वजनदार गृहस्थांवर गुन्हा दाखल झाला, ती बातमी अण्णांनी त्यांना फोनवर रीतसर वाचून दाखवून टाकली. दुसऱ्या दिवशी त्यांचे पुतणे बुलेट लिंबाला टेकवून पुढ्यात उभे. मला वाटलं, आता लॅपटॉप फुटतो.

“बातमी खोटी हाय, आसं आमी म्हनत न्हाय,” पुतणे म्हणाले. “पन कालच्या त्या दारू इकनाऱ्याला बी ‘यांच्यावर गुन्हा’ आन् आमच्या काकांना बी ‘यांच्यावर गुन्हा’? कायतरी फरक ठिवा की. नावाम्होरं माननीय तरी लावा.”

“लावतो,” अण्णा म्हणाले. “मग कालच्या बातमीत बी लावावं लागंल. चालंल?”

पुतण्यांनी थोडा विचार केला. “न्हाय. ऱ्हाऊ द्या.”

बुलेट गेल्यावर अण्णांनी खणाच्या तळातून प्लास्टिकच्या पिशवीतला एक पिवळा कागद काढून मला दिला. जुना जबाब होता. त्यांचे वडील एका भांडणात साक्षीदार होते. आरोपी गावातले मोठे घरंदाज. लिहिणाऱ्यानं लिहिलं होतं: ‘साक्षीदार तेथे हजर होता. आरोपी काठी घेऊन आले.’

“वाचलं का बी.ए.? माझा बाप खरं बोलायला गेला तर तो. काठी घेऊन आले ते, ते,” अण्णा म्हणाले. “ह्या कागदामुळं मी टायपिंग शिकलो.”

एवढंच. परत त्यांनी तो विषय काढला नाही.

आता माझ्या चुकीचं सांगते. तिच्याशिवाय अण्णा पुरते कळायचे नाहीत.

अण्णा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी धाराशिवला गेले होते. टेबलावर मी एकटी. दुपारी खबर आली, एका गावच्या शाळेत खिचडी खाऊन पोरांना उलट्या झाल्या. गावाचं नाव इथं घेत नाही. संध्याकाळपर्यंत सगळी पोरं ठणठणीत होती, पण तालुका हादरला होता. मुख्याध्यापकांनी मला सांगितलं, स्वयंपाकी सरूबाईंनी डाळ नीट बघितली नाही. मी बातमी लिहिली आणि नियमाप्रमाणं सरूबाईंच्या पुतणीच्या फोनवर फोन लावला. सरू मावशी फोनवर आल्या. मी वाचायला लागले.

“‘स्वयंपाकी सरूबाई यांनी डाळ न निवडता शिजवली.’”

“व्हय.”

“‘डाळीला वास येत असल्याचे त्यांच्या लक्षात आले नाही.’”

“व्हय, व्हय.”

“‘त्यामुळे मुलांना उलट्या झाल्या.’”

“व्हय.”

मी खाली लिहिलं: ‘ही बातमी सरूबाई यांना वाचून दाखवली. त्यांनी मजकूर मान्य केला.’ बबलूंच्या आधी बातमी गेली, म्हणून मी खूशही झाले.

दुसऱ्या दिवशी शाळा समितीनं सरू मावशींना कामावरून काढलं. पुरावा म्हणून आमच्या ब्लॉगचा छापील कागद बैठकीत फिरला. “बाणगंगेकाठीत आलंय, वाचून दाखवलंय म्हंजी खरंच आसनार,” असं म्हणून लोकांनी माना हलवल्या. अण्णांनी इतकी वर्षं कमावलेला विश्वास एका बाईच्या पोटावर पडला, आणि तो पाडला मी.

अण्णा डोळ्यावर हिरवी पट्टी लावून परत आले. मला बातमी वाचायला लावली. ऐकून विचारलं, “मावशी काय म्हणाल्या?”

“व्हय म्हणाल्या.”

“कसं व्हय? शेवटी एकदा, का दर वाक्याला?”

“दर वाक्याला.”

अण्णांनी विचारलं, “तुमच्या आई फोनवर काय म्हणतात?”

मी फोन केला की आई प्रत्येक वाक्याला व्हय म्हणते. व्हय म्हणजे ऐकतेय, तू बोल. लहानपणापासून हेच ऐकत आलेय मी. आणि बी.ए. होऊन, टेबलामागं बसून, त्या ‘व्हय’चा अर्थ मी ‘कबूल’ असा लावला होता.

आम्ही तसेच माझ्या स्कुटीवरून त्या गावाला गेलो. सरू मावशी दारात बसल्या होत्या. आम्हाला बघून उठल्या, पदर सावरला, पाणी आणलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“मावशी, ह्या बाई फोनवर वाचत होत्या, तवा व्हय कामून म्हणालात?” अण्णांनी विचारलं.

“मंग काय म्हनू? हापिसातनं फोन आलेला. बाई बोलत हुत्या, म्या ऐकत हुते. मानूस बोलताना मधी तोडावं का?”

“आन् डाळ?”

“डाळीला वास हाय म्हनून म्या दोनदा सांगितलं की वो. हेडसर म्हनले, शिजवा, शिजल्यावर जातो वास. माजीच नात हाय त्या शाळंत. म्या वास आलेली डाळ आपल्या मनानं घालीन व्हय?”

त्या दिवशी शाळेत आलेल्या दोन बायकांनी हे ऐकलं होतं. त्यांना अण्णांनी विचारलं, लिहून घेतलं, वाचून दाखवलं. मग मुख्याध्यापकांना वाचून दाखवलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “हो. म्हणाल्या होत्या त्या.”

टेबलावर परत आल्यावर अण्णा सांगत गेले, मी टाइप करत गेले. दुरुस्तीचा मजकूर होता. मी टाइप केलं: ‘संपादक नामदेव ओव्हाळ यांनी खात्री न करता बातमी प्रसिद्ध केली.’

“यांनी न्हाय,” अण्णा म्हणाले. “याने.”

“अण्णा, चूक माझी आहे. माझं नाव टाका.”

“टेबल कुणाचं? अर्ज चुकला तर लोक अर्जनविसाच्या दारात येतात, टाइपरायटरच्या न्हाय. टाका, ओव्हाळ याने.”

“तुम्ही चोराला यांनी म्हणता!”

“म्हणतो. दुसऱ्याची पायरी ठरवणारा मी कोण?” त्यांनी पट्टीच्या कडेनं डोळा पुसला. “माझी मी ठरवू शकतो.”

मी ‘यांनी’ खोडून ‘याने’ केलं. आयुष्यात टाइप केलेला सगळ्यात जड शब्द.

ब्लॉगवर दुरुस्ती टाकून ते थांबले नाहीत. समितीची परत बैठक लावायला लावली. शाळेच्या व्हरांड्यात पालक जमले, सरू मावशी खांबाआड बसल्या. चुकीची बातमी जितक्या लोकांपुढं फिरली होती तितक्यांपुढं अण्णांनी उभं राहून दुरुस्ती वाचली, अर्ज वाचायच्या त्याच खणखणीत आवाजात. ‘ओव्हाळ याने खात्री केली नाही. सरूबाई यांनी वासाबद्दल दोनदा सांगितले होते.’ वाचून झाल्यावर सगळ्यांदेखत विचारलं, “मावशी, ऐकलं का?”

“ऐकलं.”

“बरोबर हाय का?”

सरू मावशी खांबाआडून पुढं आल्या. “समदं बराबर हाय. तेवढं ‘याने’ काढा. वयानं थोर मानूस, आसं लिवत्यात व्हय कुठं?”

लोक हसले. अण्णाही हसले. “मावशी, ते वाक्य माझ्याबद्दल हाय. ते मी मला वाचून दाखवलंय. मला मान्य हाय.”

सोमवारी सरू मावशी कामावर परत गेल्या. आणि आमच्याकडं नियम बदलला. तेव्हापासून बातमी वाचून झाली की दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे. आधी ‘ऐकलं का?’, मग ‘बरोबर आहे का?’ दोन्हीचं उत्तर आल्याशिवाय बातमी जात नाही.

दुरुस्तीचा तो मजकूर अण्णांनी ब्लॉगच्या माथ्यावर कायमचा चिकटवला. कुणीही उघडलं की पहिलं तेच दिसणार. बबलूंना आयतं सापडलं. त्यांनी त्याचा फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकला, वर लिहिलं, ‘संपादक ओव्हाळ याने मान्य केली चूक!’

त्यांना वाटलं लोक हसतील. चोराला ‘ते’ म्हणतात म्हणून वर्षानुवर्षं हसलेली हीच माणसं. पण ह्या खेपेला खाली वेगळंच सुरू झालं. ‘ए बबल्या, याने म्हणजे? अण्णांना अरे-तुरे करतो का?’ ‘यांनी लिही आधी.’ ‘लायकी बघ आपली.’ बुलेटवाल्या पुतण्यांनीसुद्धा लिहिलं, ‘अण्णांच्या नावापुढे माननीय लावा.’ बबलू घामाघूम होऊन आमच्या टेबलापाशी.

“अण्णा, सांगा की ह्यांना! म्या न्हाय म्हनलं, तुमीच लिवलंय याने!”

“मीच लिहिलंय,” अण्णा म्हणाले. “पण बबलूशेठ, मला कुणी असं एकेरी बोललं तर तालुक्याला आता कसं लागतंय बघा. तुमच्याबद्दल कुणी लिहिलं तर मी बी भांडीन, काळजी करू नका.”

बबलूंनी तो फोटो ग्रुपवरून हटवला. त्यानंतर त्यांच्या व्हिडिओत अधूनमधून ‘संशयित यांना’ असं ऐकू यायला लागलं. एखाद्या दिवशी विसरतात. मी फोन करते.

ऑपरेशनचा डोळा सुधारला नाहीच, पुढं दुसऱ्यानंही दगा दिला आणि धाराशिवची लेक अण्णांना आपल्याकडं घेऊन गेली. तिथंच वर्षभरानं ते वारले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते भूमच्या स्टँडवर. मांडीवर पेढ्यांचा बॉक्स, काखेत ती प्लास्टिकची पिशवी, खिडकीची जागा. लिंबाखालचं टेबल, पायाखालच्या पुठ्ठ्यासकट, मला देऊन चालले होते.

मी खिडकीखाली उभी राहिले. ब्लॉग आता माझ्या हातात होता, एक शब्द बदलायला किती वेळ लागतो? पण वाचून दाखवल्याशिवाय कसं बदलणार. मी मोबाइल उघडला आणि स्टँडच्या गोंगाटात मोठ्यानं वाचलं, “‘संपादक नामदेव ओव्हाळ यांनी खात्री न करता बातमी प्रसिद्ध केली.’ अण्णा, ऐकलं का?”

“ऐकलं.”

“बरोबर आहे का?”

कंडक्टरनं घंटी दिली. गाडी मागं सरकायला लागली. अण्णांनी काळ्या चष्म्याआडून माझ्या आवाजाच्या दिशेनं बघितलं, हसले, आणि मान आडवी हलवली.

म्हणून ते अजून ‘याने’च आहे.